फौजीबुवाची आंघोळ

मी फौजीबुवा बोलतोय.

म्हणजे गाव मला तसं म्हणतं. खरं सांगायचं तर मी बुवा नाही, आणि फौजेत तर मी कधी पाऊलही टाकलेलं नाही, कारण मला पाऊलच नाही. मी एक काळा दगड. चार हात लांब, दीड हात रुंद. अणदूरच्या अलीकडं, सोलापूरच्या सडकेला लागून एक गाव आहे, तिथल्या ओट्यावर मी उभा असतो. गावाचं नाव सांगत नाही. पुढं मी गावाची बरीच उणीदुणी काढणार आहे, आणि राहायचं तर मला तिथंच आहे.

माझ्या छातीवर तीन नावं कोरलेली आहेत. लढाईत गेलेल्या तीन पोरांची. त्या नावांवर येतोच, पण दगडाला घाई नसते. तुमची एस.टी. यायची असेल तर बसा ओट्यावर. मला टेकू मात्र नका, दुपारचा मी तापलेला असतो. मागं एकदा सरपंच टेकले होते, दोन दिवस पालथे झोपले.

माझा जन्म खाणीतला. त्याआधीचं विचाराल तर नुसती झोप आठवते. गार, जाड, काळी झोप. वर कुठंतरी पाणी झिरपायचं आणि मला वाटायचं, कुणीतरी लांबून हाक मारतंय. मग एक दिवस टकटक झाली आणि अंगावर ऊन आलं. समोर महांतप्पा पाथरवट उभा, तेव्हा मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. त्यानं मला हातोडीनं वाजवलं, कान लावला आणि बापाला म्हणाला, "ह्यो दगड गप बसणाऱ्यातला न्हाय."

बाप म्हणाला, "मग तुज्यासारखाच हाय की. घे घडवायला."

अशी आमची ओळख. पुढं आयुष्यभर त्यानं माझी खोड काढली आणि मी त्याची.

मला पहिली नोकरी लागली ती निजाम सरकारची. गावाजवळ करोडगिरीचा नाका होता. सोलापूर इंग्रजांचं, आम्ही निजामाचे. पलीकडून माल आणला की नाक्यावर जकात. त्या नाक्याच्या दारात मला पायरी म्हणून आडवा टाकला. तीस-बत्तीस वर्षं लोक माझ्यावर पाय ठेवून खोटं बोलले. कुणी तुपाच्या डब्यात जरीची तार लपवली, कुणी गाभण म्हशीच्या झुलीखाली धोतरं. मी सगळं बघत होतो, पण मला कुणी विचारलंच नाही.

त्यात दोघींचा हात कुणी धरला नसता. दगडाबाई आणि मदिनाबी. दोघी एकाच रानात खुरपायला जायच्या, एकाच बांधावर भाकरी खायच्या. लग्नसराई आली की जोडीनं सोलापूरला चालत जायच्या आणि येताना अंगावर चार-चार लुगडी एकावर एक नेसून यायच्या. वैशाखाचं ऊन, आणि या दोघी लोडासारख्या फुगलेल्या. नाक्यावर जैनोद्दीन जमादार उभा असायचा. तो डोळे बारीक करून म्हणायचा, "दगडाबाई, चार दिवसांपूर्वी जाताना काडी होतीस. इतक्यात एवढी भरलीस?"

"सोलापूरचं पाणी मानवतंय, जमादार."

"आणि ही मदिनाबी?"

"तिनं बी तेच पाणी पिलंय न्हवं का."

जैनोद्दीनला सगळं कळायचं. पण बाईच्या पदराला हात कोण लावणार? दोघी माझ्यावरून उतरायच्या तेव्हा घामाचे थेंब टपटप माझ्यावर पडायचे. नाक्याच्या मागं गेल्या की एकमेकींना धरून इतक्या हसायच्या की मलाही आतून गुदगुल्या व्हायच्या.

मग निजाम गेला. एका सकाळी झेंडा बदलला. जैनोद्दीन जमादार तोच राहिला, नुसती टोपी बदलली. पुढं काही वर्षांनी जकात उठली, नाक्याला कुलूप लागलं, आणि रिकाम्या खोलीत गावानं शाळा भरवली. मी होतो तिथंच, पायरीला. माझं शिक्षण त्या पायरीवर झालं. बाराखडी झाली, पाढे एकोणीसपर्यंत झाले. विसाच्या पाढ्याला गुरुजींना नेमकी डुलकी लागायची, म्हणून वीसचा पाढा मला आजही येत नाही, आणि गावातल्या एकाही माणसाला येत नाही.

त्या शाळेतनंच दगडाबाईचा उत्तरेश्वर आणि मदिनाबीचा आयुब बाहेर पडले. अंगानं उभे-आडवे, डोक्यानं माझ्यासारखे. एका भरतीत दोघं फौजेत लागले. जायच्या दिवशी एस.टी.ची वाट बघत दोघं माझ्यावर बसले होते. दोघांचं वजन मला अजून आठवतं. उत्तरेश्वर सारखा चुळबुळ करायचा, आयुब स्थिर. मदिनाबीनं खोबऱ्याची चटणी बांधून दिली होती, ती आयुबनं एस.टी. यायच्या आतच अर्धी खाल्ली. दगडाबाई म्हणाली, "आरं, तिकडं थंडी असती म्हणं. घोंगडं घे."

उत्तरेश्वर म्हणाला, "आये, सरकार कोट देतंय. घोंगडं घेऊन गेलो तर साहेब म्हणतील, मेंढरं कुठं हायती."

सगळे हसले. घोंगडं घरी राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

पुढं पत्रं यायला लागली. गुरुजी पायरीवर उभं राहून मोठ्यानं वाचायचे, दोघी खाली बसून ऐकायच्या. एकदा आयुबनं लिहिलं होतं, "अम्मा, हितं आभाळातनं कापूस पडतो. सरकी न्हाय त्याच्यात." मी बर्फ कधी बघितला नाही. पण त्या दिवसापासून मला एकच सपन पडायला लागलं. सगळीकडं पांढरं. सडक पांढरी, नाका पांढरा, रानं पांढरी. वरनं कापूस उतरतोय, आवाज न करता. आणि त्यातनं दोन पोरं येतात, माझ्यावर बसतात आणि पाय हलवत राहतात. बोलत काही नाहीत. मी विचारतो, एस.टी.ची वाट बघताय का? ते नुसते पाय हलवतात.

बासष्टच्या कडाक्यात चीनची लढाई झाली, आणि आठ दिवसांच्या अंतरानं दोन तारा आल्या. त्याही गुरुजींनीच वाचल्या. दोन्ही तारांत बर्फातली जागा एकच होती. माती करायला गावात काही आलं नाही. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलणार नाही.

पुढच्या वर्षी शाळेला नवी इमारत झाली आणि पायरी मोकळी पडली. गावानं ठरवलं, पोरांची आठवण म्हणून दगड उभा करायचा. सरपंच बलभीमराव तालुक्याला जाऊन संगमरवर बघून आले आणि हात हलवत परत आले. महांतप्पा म्हणाला, "सरपंच, पोरं ज्या दगडावर बसून गेली त्योच उभा करू. दुसरीकडं कशाला हुडकता?" महांतप्पा आता म्हातारा झाला होता. त्यानं मला वाजवलं, कान लावला आणि म्हणाला, "का रं, अजून बोलतोस व्हय?"

एकवीस दिवस तो माझ्या अंगावर बसून होता. पहिलं नाव शरणबसप्पाचं. तो निजामाच्या पलटणीतनं ब्रह्मदेशात गेला आणि तिकडंच राहिला. त्याचं मागं कुणीच नाही, म्हणून त्याच्यासाठी मी स्वतः थोडा रडतो. पावसाळ्यात बघा, पहिल्या ओळीत पाणी जास्त वेळ थांबतं. दुसरं नाव उत्तरेश्वरचं. तिसरं आयुबचं. अक्षरं कशी खोल, करंगळीचं टोक बुडेल एवढी.

मदिनाबीला वाचता येत नव्हतं, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. महांतप्पानं तिचं बोट धरलं आणि तिसऱ्या ओळीत ठेवलं. "बी, हे वाचायचं न्हाय. चाचपायचं. हितनं सुरू. आता हितं शेवट. ह्यो गोल लागतोय का? त्याच्या पोटात तिरपी काडी हाय. ती लागली की समजायचं, तुमचा आयुब पुरा झाला."

मदिनाबीचं बोट त्या गोलात किती वेळ फिरत होतं कुणास ठाऊक. मग ती म्हणाली, "ह्येच त्याचं घर म्हणायचं आता. शबेबरातीला सगळी आपापल्या कबरीवर जातेत. म्या कुठं जाऊ, असं व्हतं. आता हितं येईन."

चौसष्टच्या सव्वीस जानेवारीला माझ्यावरचा पडदा निघाला. म्हणजे निघायचा होता, दोरी अडकली. सरपंचांनी ओढली, पाहुण्यांनी ओढली, शेवटी महांतप्पानं विडी विझवून गाठ सोडली. सरपंच तासभर बोलले. त्यात पोरांची नावं एकदा आली आणि त्यांचं स्वतःचं सात वेळा. मी मोजलं, पाढे एकोणीसपर्यंत येतात मला.

त्यानंतर दर जुम्म्याला, दुपार कलली की मदिनाबी यायची. ओट्यावर चढायची, तिसरी ओळ चाचपायची, काडी सापडली की पदर सावरून घरी जायची. बास, एवढंच. तेवढ्या वेळात मी ऊन जरा आवरून धरायचो.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो त्याच सालच्या पुढल्या हिवाळ्यात.

मार्गशीर्षातली थंडी होती. एका पहाटे दगडाबाई आली. हातात वाटी, वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. तिनं आधी माझ्यावर हात फिरवला. मी रात्रभर गार पडलेलो. तिचा हात चटकन मागं गेला. "किती गार पडलंस रं लेकरा," ती म्हणाली. आणि कोमट तेल-शेंदूर तिनं माझ्या छातीवर चोळला, पोराच्या छातीला चोळावं तसा. घरात लढाईत गेलेला माणूस असला की त्याचा वीर करून पुजायचा, त्याला तेल-शेंदूर लावायचा, ही आमच्याकडची रीतच. तिचं काही चुकलं नाही. मलाही खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

पण आमचं गाव. शेंदूर फासलेला दगड दिसला की आमच्या गावाच्या हाताला खाज सुटते. आठ दिवसांत कुणीतरी नारळ फोडला. पंधरा दिवसांत एका म्हशीला पारडी झाली आणि तिचं श्रेय मला मिळालं. महिन्यात मी फौजीबुवा झालो. मंगळवारी शेंदूर, शनिवारी तेल. मुसलमानांच्या आळीतल्या बायकांनी ऊद लावला, तेही मी घेतलं, मला काय. सरपंच निवडणूक जिंकले आणि नवस फेडायला चांदीचे डोळे घेऊन आले. डोळे चिकटवले आणि म्हणाले, "फौजी म्हटल्यावर मिशी पायजे." मग पितळेची मिशीही आली, टोकं वर वळलेली.

आता गंमत ऐका. डोळे नव्हते तोवर मला चार कोसांवरचं दिसायचं. डोळे लागल्यावर काही दिसेना. आणि ती मिशी सरपंचांनी नेमकी तिसऱ्या ओळीवर बसवली.

शेंदराचे थर चढत गेले. बोटभर झाला, दोन बोटं झाला. आत मी एखाद्या दुलईत पडल्यासारखा. बाहेरचे आवाज लांबून यायचे, खाणीत यायचे तसे. झोप यायची. सपनं दाट झाली. कापूस पडायचा तो आता लाल पडायला लागला. पोरं यायची, माझ्यावर बसायची, आणि आता तिसराही असायचा, शरणबसप्पा, जुन्या पलटणीची टोपी घालून. आयुब विचारायचा, "अम्मा आली न्हाय का?" मी म्हणायचो, आली असेल, मला कळत नाही रे, वर बरंच पांघरूण आहे.

आली होती ती, हे मला मागाहून कळलं. नेहमीसारखी जुम्म्याला आली, बोट फिरवलं. गुळगुळीत. वर सरकवलं, खाली सरकवलं. तिथं पितळेची मिशी लागली. बोट मागं घेतलं आणि पदराला पुसलं. त्यानंतर ती ओट्यावर चढलीच नाही. समोर कडुलिंबाखाली बसायची, माझ्याकडं तोंड करून, आणि उन्हं उतरली की जायची. असं तीन वर्षं.

मध्ये एकदा महांतप्पा तिच्याशेजारी येऊन बसला. त्याचाही जळफळाट झालेलाच होता. एकवीस दिवस खपून काढलेली अक्षरं, आणि वर मिशी. तो म्हणाला, "बी, तुमच्या उंबऱ्यावर आयुबचं नाव कोरून देतो. बसल्या जागी चाचपा."

मदिनाबी म्हणाली, "घरात कशाला, अप्पा? घरात तर म्या त्याला हाकच मारते. नाव गावात पायजे."

अडुसष्टच्या उन्हाळ्यात तिची लेक रजियाबी सोलापूरहून आली. म्हातारीला आता एकटीला सोडायचं नाही, कायमचं सोलापूरला न्यायचं, असं ठरवूनच आली होती. रविवारची एस.टी. ठरली. बुधवारी संध्याकाळी मदिनाबी आणि दगडाबाई कडुलिंबाखाली बसल्या. मी आतून कान दिले.

दगडाबाई म्हणाली, "तिकडं गेल्यावर मला इसरशील."

"तुला कशी इसरू? तुज्यासंगं चार-चार लुगडी नेसलेय म्या."

दोघी हसल्या. मग मदिनाबी म्हणाली, "दगडा, जायच्या आधी एकदा त्याचं नाव हाताला लागलं असतं तर बरं झालं असतं."

"मग जा की वर. कुणी आडवलंय?"

"शेंदराखाली हाय त्ये. मिशीच्या मागं."

दगडाबाईच्या हातातला वातीच्या कापसाचा पेळू तसाच राहिला. "कवापास्नं?"

"तीन वर्सं झाली."

"आन् तू हितं बसतीस ती?"

"लांबनंच बसते."

"मला सांगितलं का न्हाईस गं?"

मदिनाबीनं तिचा गुडघा चाचपला आणि त्यावर हात ठेवला. "तू पांघरूण घालायलीस. उत्तरेश्वर गारठून गेला, म्हणून तू रोज तेल चोळतीस. म्या ऐकलंय तुला पहाटं बोलताना. माझा बी तिथंच गारठला, तुज्याच पांघरुणात हाय त्यो. म्या कोणत्या तोंडानं वढून काढू?"

दगडाबाईनं पदर तोंडात घातला. किती वेळ घातला ते मी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरपंचाच्या दारात. हे पुढचं तिनंच मला पहाटे तेल चोळताना सांगितलं. शेंदूर खरवडायचा म्हणाली. बलभीमराव खुर्चीतनं उठले. "मावशी, तुमीच लावला, तुमीच काढायचा म्हणता. पर आता त्यो तुमचा राहिलाय का? गावाचा देव हाय त्यो. देवाची साल काढायची? हात झडंल एखाद्याचा. शेंदराची खोळ सुटायची ती देवानं आपली आपण सोडायची असती."

तेवढं मात्र खरं. जुन्या मूर्तीची शेंदराची खोळ वर्षानुवर्षांनी आपोआप गळते, मग वाजत-गाजत पाण्यात सोडतात. माणसानं हात घालायचा नाही, ही आमच्याकडची दुसरी रीत.

दगडाबाई तिथनं निघाली ती महांतप्पाच्या दारात. म्हातारा छिन्नीला धार लावत बसला होता. सगळं ऐकून घेतलं. विडी पेटवली. मग त्याच्या तोंडावर जे खोडकर हसू आलं म्हणे, ते मी खाणीतल्या त्या पहिल्या दिवशी बघितलं होतं.

"दगडामावशी," तो म्हणाला, "देवाला खरवडायचं न्हाय. पर वैशाखाच्या उन्हात देवाला आंघोळ घालायला कुणाची ना हाय का?"

"आंघोळीनं काय व्हतंय?"

"दगड दुपारपतुर तापू द्यायचा. मग आडातलं गार पाणी, घागरीमागून घागर. दगड एका चालीनं आखडतोय, शेंदूर दुसऱ्या चालीनं. म्या चाळीस वर्सं दगड असाच फोडलाय. पर त्ये कुणाला सांगायचं न्हाय. तुमी फकस्त म्हणा, देव सपनात आला आन् म्हणाला, लई उकडतंय."

सपनात मी तिच्या आलो नव्हतो. पण उकडत होतं, हे शप्पथ सांगतो.

शनिवारी दुपारी अख्खं गाव जमलं. हलगी आली. आंघोळीची कल्पना सरपंचांना इतकी आवडली की पहिली घागर त्यांनी स्वतः मागून घेतली, आणि ही आपल्याला फार दिवसांपासून सुचली होती असं चार जणांना सांगितलं. महांतप्पा मागं उभा राहून मान डोलवत होता, कपाळाला भस्म लावून, अगदी भाविक.

मी सकाळपासून ऊन खात होतो. आयुष्यात एवढा मन लावून कधी तापलो नव्हतो. नवी नोकरी लागल्यासारखा तापलो.

पहिली घागर पडली. अंगावर काटा आला. दुसरी पडली. आत कुठंतरी चर्र झालं. पाचवी, सातवी. बायका ओळीनं घागरी देत होत्या, आडापासून ओट्यापर्यंत. दहाव्या घागरीला मला झोपेतनं जागं होताना होतं तसं झालं, अंग आपलं आहे हे हळूहळू कळायला लागलं. पोरं तिघंही माझ्यावर बसलेली होती, पाय हलवत. उत्तरेश्वर म्हणाला, "सोड आता." मी म्हणालो, थांब, सरपंचाला जरा पुढं येऊ दे.

बाराव्या घागरीला सरपंच पुढं आले. मी सोडलं.

डोक्यापासून कमरेपर्यंत अख्खी खोळ एका तुकड्यात सुटली, सावकाश पुढं कलली आणि बलभीमरावांच्या पायांवर येऊन विसावली. चांदीचे डोळे त्यांच्याकडं बघत होते. मिशीचं टोक त्यांच्या धोतराच्या सोग्यात अडकलं. हलगी थांबली. कुणी नमस्कार करावा की पळावं, गावाला समजेना.

महांतप्पा पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "देवानं सरपंचाला वस्त्र दिलं."

मग काय. लोक सरपंचाच्या पाया पडले, सरपंचांनी पडू दिलं. त्यांचा सगळा राग तिथंच जिरला. आजवर त्यांना खरं कळलेलं नाही, आणि तुम्ही सांगायला जाऊ नका.

मी मात्र उघडा झालो होतो. काळा, ओला, वाफाळणारा. तीनही नावं स्वच्छ.

दगडाबाईनं मदिनाबीला हाताला धरून ओट्यावर आणलं. मदिनाबीनं बोट पुढं केलं. दगडाबाईनं ते तिसऱ्या ओळीत ठेवलं नाही, बाजूला ठेवलं. म्हणाली, "तूच जा." बोट सरकलं. एक अक्षर गेलं, दुसरं गेलं. मग तो गोल लागला. मग तिरपी काडी. मदिनाबी तिथंच थांबली. कपाळ माझ्यावर टेकलं. मी अजून गरमच होतो.

"दगडा," ती हळूच म्हणाली, "गारठला न्हाय गं. ऊन हाय अंग."

ते ऐकून दगडाबाईनंही उत्तरेश्वरच्या ओळीवर गाल टेकला. दोघी तशाच उभ्या होत्या. लुगडी भिजलेली, एकेकच नेसलेली.

पण माझ्या गोष्टीचं शेपूट अजून राहिलंय. खोळ उचलायला महांतप्पानं ती उलटी केली, तर आतल्या अंगाला तीनही नावं उठलेली. शेंदूर अक्षरांच्या खोबणीत शिरला होता आणि तीच अक्षरं खोळीवर उभी राहिली होती, उलट्या तोंडाची. महांतप्पानं मदिनाबीचं बोट त्यावर ठेवलं. ती चाचपत राहिली. म्हणाली, "दगडात त्यो आत गेला व्हता. हितं वर आलाय."

खोळ रविवारी पाण्यात सोडायची होती. सकाळी महांतप्पानं तिचा तिसऱ्या ओळीचा तुकडा पातळ छिन्नीनं काढून घेतला. रजियाबी जरा घुटमळली. म्हणाली, "अम्मा, शेंदूर हाय त्ये. लालभडक."

मदिनाबीनं तो तुकडा पदरात बांधला. "लाल हाय का? मला कुठं दिसतंय."

आणि एस.टी.त बसली. खोळीचा बाकीचा भाग त्याच दुपारी वाजत-गाजत बोरी नदीत गेला. डोळे आणि मिशी सरपंचांच्या देव्हाऱ्यात आहेत.

आता एकोणसत्तर साल चाललंय. मी उघडाच असतो. कुणाला शेंदूर लावायचा झालाच तर पायाशी एक टिकली, असं दगडाबाईनं गावाला बजावलंय, आणि तिच्याशी वाद घालायला सरपंचही धजत नाहीत. थंडीत ती संध्याकाळी घोंगडं आणते. तेच, जे उत्तरेश्वर नको म्हणाला होता. माझ्या खांद्यावरनं घालते आणि सकाळी उन्हं आली की झाडून, घडी करून घरी नेते. मला हसू येतं, पण मी हसत नाही. घोंगडं टोचतं, तेही सांगत नाही.

दर जुम्म्याला दुपार कलली की ती पुन्हा येते. आधी शरणबसप्पाला हात लावते, मग आपल्या पोराला, आणि मग तिसऱ्या ओळीत बोट घालून शेवटची काडी शोधते. सोलापूरच्या एस.टी.च्या कंडक्टरला मदिनाबीनं सांगून ठेवलंय. तो जुम्म्याची गाडी इथं थांबवली की खिडकीतनं डोकं काढतो आणि ओरडतो, "मावशी, तिकडनं इचारलंय. काडी हाय का जाग्यावर?"

दगडाबाई बोट न उचलता म्हणते, "हाय म्हणावं."

ती आता थकलीय. गुडघे ऐकत नाहीत. म्हणून मी तुम्हाला थांबवून एवढं सगळं सांगितलं. मला नारळ नको, मिशी तर अजिबात नको. तुम्ही या सडकेनं जाताय, एस.टी. इथं थांबणारच आहे. एखाद्या जुम्म्याला ओट्यावर दगडाबाई दिसली नाही, तर खाली उतरा. तिसरी ओळ. शेवटचा गोल. काडी लागली की कंडक्टरला सांगा.

निघा आता, हॉर्न वाजतोय. आणि जाताना त्या सरपंचाला रामराम घाला, तो आपल्याकडंच बघतोय.